मास्तरांची अठरा पावलं

४ ऑक्टोबर, मंगळवार

वॉर्डात सहा नंबरच्या खाटेवर आज मास्तर होते.

मी आधी ओळखलंच नाही. तंबोऱ्याचं यंत्र खिडकीत ठेवून, गुणगुणत, त्याची वायर कुठे खोचायची ते बघत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, अर्धा सूर खाली आलात." शब्द तोंडात घोळून, ओले होऊन येत होते. पण 'बाई' म्हणायची ती पद्धत एकाच माणसाची. वळले. उजवा हात उशीवर ठेवलेला, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी उचलून ठेवलेला. ओठाची एक कड उतरलेली. अकरा वर्षांनी बघत होते.

"मास्तर! तुम्ही इथे कसे?"

"मी आजारी आहे म्हणून. तुम्ही कशा?"

शेजारच्या खाटेवरचे शिंपीकाका हसले, मग मीही हसले. मग नेहमीसारखी पेशंटसाठी गायला बसले.

मास्तरांनी बारा वर्षं मला तबल्याची साथ केली. नंतर थांबलं. भांडण वगैरे काही नव्हतं. एका मैफलीत त्यांच्याकडून चूक झाली, तिचा बोभाटा झाला आणि पुढचे माझे कार्यक्रम दुसरा तबलजी घेऊन होत गेले. आमच्या क्षेत्रात असं होतं. कोणी मुद्दाम करत नाही.

उजवा हात म्हणजे तबल्याचा हात. डग्ग्याचा डावा तेवढा शाबूत आहे. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

मास्तर माझ्या गाण्यावर चालायला तयार नाहीत.

मी इथे गायला लागल्यापासून आठ महिन्यांत असं कोणी केलेलं नाही. माझी आई याच वॉर्डात होती. शेवटी तिला बोलता येत नव्हतं, पण मी गुणगुणले की तिच्या पायाचा अंगठा हलायचा. ते बघून इथल्या व्यायाम घेणाऱ्या बाईंनी ही कल्पना काढली. (पेशंट त्यांना 'कवायत मॅडम' म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा.) अर्धांगवायूत पाय हुकूम विसरतो, लय मात्र विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी मी सोप्या आठ मात्रांत काहीतरी गाते आणि माणसं दोन लोखंडी दांड्यांच्या मधून चालतात. शिंपीकाका पहिल्या दिवशी दोन पावलं चालले होते, आता चाळीस चालतात. मला याचं किती बरं वाटतं ते इथेच लिहिते. बाहेर सांगितलं तर फुशारकी वाटेल.

आज मास्तरांची खुर्ची दांड्यांपाशी आणली. मी सूर लावला. ते म्हणाले, "बाई, तुम्ही गा. मी बसतो."

"मास्तर, उठून तर बघा," कवायत मॅडम म्हणाल्या.

"बसून ऐकायची संधी मला कधी मिळाली होती?"

सगळे हसले. मला त्यात टोमणा ऐकू आला. नव्हताही कदाचित.

डॉक्टरांनी अट घातली आहे. अठ्ठावीस तारखेपर्यंत मास्तरांनी खाटेपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत, अठरा पावलं, काठी घेऊन पण कोणी न धरता चालायचं. जमलं तर घरी. नाही जमलं तर शहराबाहेरच्या कायमच्या मुक्कामाच्या केंद्रात. घरी एकटी मुलगी आहे. चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, सकाळी नऊला जाते ती सातला येते. त्या केंद्रातून परत आलेलं माणूस इथल्या कोणाला आठवत नाही.

एवढं असून हट्ट कशाला?

११ ऑक्टोबर, मंगळवार

कवायत मॅडमनी आज टिकटिक करणारं यंत्र लावून बघितलं. मास्तर उठले, एक पाऊल टाकलं आणि थिजले. यंत्र टिकटिकत राहिलं.

"काय झालं?"

"ह्या टिकटिकीला सम नाही," मास्तर यंत्राकडे बघत म्हणाले. "नुसतीच चाललीय. कुठे पोचायचंय तेच कळत नाही."

मुलगी आज अर्धी रजा काढून आली होती. लहानपणी मैफलीत माझ्या मागे बसून पेंगायची, मला मावशी म्हणायची. आज 'मॅडम' म्हणाली. मी तिला व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, तू तरी समजाव. दिवस कमी आहेत. माझ्यावर राग असेल तर तो नंतर काढू देत.

ती हातातला डबा पुसत राहिली. मग म्हणाली, "बाबांना तुमच्याबरोबर चालायची सवय होती मॅडम. मोडायला बरीच वर्षं लागली."

 

१२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी रियाजाला बसले आणि तासभर नुसतीच बसले. चूक त्यांची होती. मी कोणाकडे त्यांच्याविरुद्ध अवाक्षर काढलं नव्हतं. गप्प राहण्याला कोणी गुन्हा म्हणत नाही. मग मी स्वतःला हे सगळं कशासाठी समजावून सांगते आहे?

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

शिंपीकाका आज पडता पडता वाचले.

छान चालले होते. माझंही गाणं रंगलं होतं, वॉर्डात असं क्वचित होतं. मुखडा समेकडे यायला लागला आणि काकांचा पाय दुसऱ्या पायात अडकला. मॅडमनी पट्टा धरला म्हणून बरं. फरशी ओली असणार. मी तसं म्हटलंही.

तेवढ्यात मागून आवाज आला. मास्तर चाकाच्या खुर्चीच्या हातावर डाव्या तळव्याने ठेका धरत होते. जड, घुमणारा. मी गायले त्यापेक्षा बराच सावकाश. काकांनी मान वर केली आणि त्या ठेक्यावर दांड्यांचं टोक गाठलं.

"वा मास्तर!" कोणीतरी ओरडलं.

मला राग आला. खोटं कशाला लिहू? एवढे महिने मी उभं केलेलं काम, आणि यांनी बसल्या जागेवरून ते हातात घेतलं. माझ्याबरोबर चालणार नाहीत, पण मला चालवणार.

निघताना मी कवायत मॅडमना पुन्हा फरशीचं सांगितलं. त्या जरा घुटमळल्या. "फरशी कोरडी होती ताई. मी प्रत्येक वेळचं मोबाइलवर रेकॉर्ड करते ना, पावलं मोजायला. तुम्ही सुरुवात करता तेव्हा मिनिटाला बावन्न पावलं पडतात. शेवटाला एकसष्ट. दर वेळी." मग घाईने म्हणाल्या, "बाकीच्यांना चालतं हो. थोडा व्यायाम जास्त होतो."

१६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी कपाटातून त्या मैफलीची जुनी ध्वनिफीत काढली. अकरा वर्षांत एकदाही ऐकली नव्हती.

ज्याला गाण्यातलं कळत नाही त्यालाही समजेल असं लिहून ठेवते, म्हणजे मला पळवाट राहणार नाही. त्या दिवशीचा ताल चौदा मात्रांचा होता. चौदा मोजून झाल्या की पुन्हा पहिली, ती सम. गाणारा कितीही भटकला तरी समेवर दोघांनी एकत्र पोचायचं. त्या मैफलीत एका आवर्तनात तबल्याच्या तेराच मात्रा झाल्या. जाणकारांच्या पहिल्या रांगेत चुळबुळ झाली. 'साथीदाराने मात्रा खाल्ली,' असं छापूनही आलं.

मी बोटांवर मोजत तीन वेळा ऐकलं. तिन्ही वेळा माझं गाणं मला बरोबर वाटलं.

नवरा बाजूला भाजी निवडत होता. त्याला कान म्हणून नाही. माझ्या मैफलीत तो लोकांकडे बघून टाळ्या वाजवतो. पण गोदामातला माल मोजण्यात त्याची वीस वर्षं गेली आहेत. म्हटलं, जरा मोजून दे. त्याने पेन्सिल घेतली आणि प्रत्येक ठोक्याला कागदावर रेघ ओढली.

"तेरा."

"बघ! मास्तरांनी एक खाल्ली."

"खाल्ली असेल. पण तू आधी पोचलीस."

"म्हणजे?"

"तुझा शब्द आधी येतोय. हा ठोका त्याच्या मागून, धापा टाकत आल्यासारखा. पुन्हा लाव." पुन्हा लावलं. "हे बघ, तू दारातून पळत सुटलीस आणि तो चपला न घालता तुझ्या मागे धावला. त्याची चूक कशी?"

त्याने ते इतकं साधेपणाने सांगितलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागला.

मग मलाही ऐकू यायला लागलं. आता ऐकू न येणं जमत नाही. मी तेरा मात्रा होताच समेचा शब्द टाकला. मास्तर ठेका तसाच धरून राहिले असते तर मी सगळ्यांसमोर उघडी पडले असते. क्षणात त्यांनी एक मात्रा सोडली आणि मला येऊन मिळाले. साथीदाराने गायकाला उघडं पाडायचं नाही, हा आमच्यातला अलिखित नियम. त्यांनी तो पाळला. गायकाने पुढे काय करायचं, त्याबद्दल नियम आहे की नाही, मला माहीत नाही.

मला हे त्या दिवशीच कळलं होतं का? रात्रीपर्यंत स्वतःला विचारत राहिले. हो म्हणवत नाही. नाही म्हटलं तर मग मी बारा वर्षांची साथ एका बातमीवर कशी सोडली?

१८ ऑक्टोबर, मंगळवार

आज सांगायचं म्हणून गेले होते. वॉर्डात एक पत्रकार आला होता. कवायत मॅडमनी महिन्यापूर्वी बोलावलेला. मास्तर माझे जुने साथीदार आहेत हे त्याला शिंपीकाकांकडून कळलं आणि तो हरखलाच. "जुन्या साथीदाराला पुन्हा पायावर उभं करणारी गायिका! ताई, तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवा."

मास्तर म्हणाले, "डाव्या बाजूने काढा. ती बाजू अजून देखणी आहे."

मी हात ठेवला. फोटोत मी हसले आहे. त्याने मला दाखवला.

सांगितलं नाही.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

सांगितलं.

गाण्याआधीच सांगितलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. मुलगी खाटेच्या कडेला बसून त्यांची नखं कापत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "मास्तर, त्या मैफलीत मी एक मात्रा आधी आले होते. तुम्ही मला सावरलंत."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाही बाई. चूक माझीच."

"मी ध्वनिफीत ऐकली. मोजली."

"तुमची लय पळते हे मला बारा वर्षं माहीत होतं. घट्ट धरायला हवं होतं तुम्हाला. त्या दिवशी सैल धरलं. माझीच."

नेलकटर थांबला होता. मुलगी मान खाली घालूनच बोलली. "मी चौदा वर्षांची होते. वर्गातली एक मुलगी म्हणाली, तुझ्या बाबांना चौदापर्यंत मोजता येत नाही. घरी येऊन बाबांना विचारलं. तेव्हाही हे म्हणाले, झाली चूक." मग तिने वर बघितलं. "तुम्हाला मोजायला अकरा वर्षं लागली मॅडम?"

"हो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आणि बाबा, तुम्ही घरातसुद्धा साथच करत होतात?"

 तिने राहिलेली दोन नखं कापली आणि कचरा कागदात बांधून बाहेर गेली.

मी म्हटलं, "तुमचा राग बरोबर आहे. मी येणं थांबवते. माझ्याशिवाय कोणत्याही ठेक्यावर चाला, पण चाला."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मी वेड्यासारखं काही बोलले असावे असं. "राग? अहो, राग असता तर चाललो असतो. तुमच्या नाकावर टिच्चून चाललो असतो." शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "तुम्ही पळालात की मी पळणार. अंगात आहे ते. डोकं नको म्हणेल, पण पाय तुमच्या मागे जाईल. शिंप्याचं काय, तो अडखळला आणि सावरला. माझी उजवी बाजू मेलेली आहे. मी पडलो की उठणार नाही."

मी इतके दिवस काय समजत होते आणि ते काय होतं!

संध्याकाळी पत्रकाराला फोन केला. तो भला माणूस आहे, सगळं ऐकून घेतलं. "पण ताई, मात्रा-बित्रा वाचकाला काय कळणार? आणि पान लागलं आता."

२३ ऑक्टोबर, रविवार

छापून आलं. ठळक अक्षरात, फोटोसकट. सकाळपासून अकरा जणांचे अभिनंदनाचे फोन. एकालाही खरं सांगितलं नाही. बाराव्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "हाच तुमचा मोठेपणा!" फोन ठेवून दिला. खरं बोलूनही शाबासकीच पदरात पडणार असेल तर माणसाने करायचं काय?

ज्या संगीत मंडळात ती मैफल झाली होती त्यांना पत्र लिहिलं. चार ओळी. मी एक मात्रा आधी आले, साथ निर्दोष होती, तुमच्या पत्रिकेत छापावं. तीन कागद फाडले, कारण प्रत्येकात माझंच कौतुक डोकावत होतं. चौथा पाकिटात घालून मंडळाच्या पेटीत टाकून आले.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

"अभिनंदन," मुलगी म्हणाली. वर्तमानपत्र तिच्या पिशवीत होतं.

मी तिला पत्राची प्रत दिली. तिने दोनदा वाचली, घडी घालून चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवली. "छापतील?"

"माहीत नाही. मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला होता. म्हणाले, कशाला उकरून काढता."

"हं," एवढंच म्हणाली. ते चांगलं होतं की वाईट?

मास्तर आज दांड्यांच्या मधे उभे राहिले. दोन्ही बाजूंना मॅडम आणि मदतनीस. मी गायले आणि तिसऱ्या पावलाला पळाले. मला कळलंही नाही. त्यांचा पाय फरपटत पुढे आला आणि ते मॅडमच्या अंगावर कोसळले. पुन्हा तेच. पुन्हा तेच. चौथ्या वेळी त्यांचा घाम माझ्या हातावर उडाला. मला रडायला येत होतं. चाळीस वर्षं लय शिकले आणि आठ मात्रा जागेवर धरता येत नाहीत.

"बाई," मास्तर खुर्चीत बसून धापा टाकत म्हणाले, "तुम्ही पुढे बघून गाता. लोकांकडे. माझ्या पायाकडे बघा."

"पायाकडे बघून गाऊ?"

"मी बारा वर्षं तुमच्या ओठांकडे बघितलं. काही बिघडलं नाही."

पाचव्या वेळी सहा पावलं. मग त्यांचं अंगच थांबलं. सहा आणि अठरा यांत किती अंतर आहे ते मोजायला नवरा लागत नाही.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या. मी दिवसभर घरात नवऱ्याच्या पायांकडे बघून गात हिंडले. तो कपाटापाशी थांबला की मी थांबायचं. त्याने मुद्दाम स्टुलावर चढून दिवा पुसला. "आता गा बघू." हसू आलं आणि लगेच भीती वाटली.

मला मास्तर चालायला हवे आहेत, की मला सुटायचं आहे? दोन्ही असलं तर पाप आहे का?

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टर कागद घेऊन न्हाणीघराच्या दाराशी उभे होते. मुलगी त्यांच्या शेजारी. आज काठी एकटीच, कोणी धरायचं नाही. मॅडम एक हात अंतरावर. शिंपीकाकांनी सगळ्यांना गप्प केलं, मग स्वतःच खोकले.

मास्तर उठले. मला म्हणाले, "आज तुम्ही पळालात तरी मी येणार नाही."

मी उलटी चालत होते, त्यांच्या पुढे, नजर त्यांच्या उजव्या पायावर. एक. दोन. चौथ्याला माझा आवाज पुढे निघाला. ते आले नाहीत. पाय जागच्या जागी. त्यांच्या साथीत पहिल्यांदाच मी समेवर एकटी पोचले आणि मागे कोणी नव्हतं. सगळ्या वॉर्डाला ते ऐकू आलं असेल. मी शब्द सोडला, षड्ज धरला आणि मागे आले. त्यांनी पाऊल टाकलं, मग मी पुढची मात्रा गायले.

सात. आठ. नवव्याला ते थांबले.  मी सूर धरून ठेवला. काहीच करायचं नव्हतं, फक्त कुठेही जायचं नव्हतं. मला वाटलं, आता पडणार. श्वास संपला, मी घेतला, आणि त्याच क्षणी त्यांचं दहावं पाऊल पडलं. ते दमून थांबले होते, की माझ्या श्वासासाठी थांबले होते? अजून मला कळलेलं नाही.

डॉक्टरांनी दोनदा घड्याळ बघितलं. पण वेळेची अट कागदावर नव्हती. पावलांची होती.

चौदा. पंधरा. मुलगी ओठांतल्या ओठांत मोजत होती. सोळाव्याला तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. सतरा. मी गातच होते, गाणं कुठे आलंय त्याचं मला भान नव्हतं. मला फक्त ती चप्पल दिसत होती, तिचा सुटलेला बंद, आणि ती उचलली जाते आहे की नाही.

दाराच्या चौकटीला काठी टेकली.

"बाई, पुरे," मास्तर म्हणाले. "पोचलो मी."